अभनपूरची बेचाळीस नावं

संगणकाच्या धंद्यात 'डिलीट' या शब्दाइतकं थापाडं दुसरं काही नाही. बटण दाबलं की नाव पडद्यावरून जातं, आपण हात झटकतो आणि चहा टाकायला उठतो. नाव मात्र कुठेही गेलेलं नसतं. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि तरीही निवृत्तीनंतर मी याच खड्ड्यात पडले, तोही स्वतःच्या हाताने खणलेला. संपादकांनी कळवलं की कामाच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की ही एकच गोष्ट पुढे येऊन बसते आणि बाकीच्यांना जागा देत नाही.

माझं नाव कुंदा रामटेके. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी एका सरकारी कचेरीत डेटा एंट्रीला लागले आणि प्रोग्रामर म्हणून बाहेर पडले. मधलं सगळं सांगत बसत नाही, कारण त्यात बढत्या आणि बदल्याच जास्त आहेत. फक्त एका म्हाताऱ्या बाबांचं सांगते. डोक्याला पंचा बांधलेले, हातात काठी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमचं नाव आता मशीनमध्ये गेलं आहे. ते बघायला आले होते. मी नाव शोधून पडद्यावर दाखवलं. त्यांनी पडद्याला हात जोडले आणि मग विचारलं, "अउ कोन-कोन देखथें एला?"

आणखी कोण-कोण बघतं हे? मी हसले आणि म्हणाले, कोणी नाही बाबा. हे धादांत खोटं होतं. त्या खोलीत ज्याला पासवर्ड ठाऊक होता तो प्रत्येक जण बघू शकत होता, आणि पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. एवढ्या वर्षांत मोठमोठ्या साहेबांनी मला प्रश्न विचारले, पण असा नेमका प्रश्न त्या बाबांशिवाय कुणी विचारला नाही.

निवृत्तीनंतर घरी बसून मी सुनेच्या स्वयंपाकात तोंड घालू लागले, तेव्हा मुलानेच मला डॉ. मंगला देशकरांच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. रायपूरच्या चौबे कॉलनीत त्यांचा धर्मादाय दवाखाना आहे. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं, बोलणं मऊ, पण एकदा नाही म्हटलं की नाही. दर रविवारी त्या आसपासच्या गावांत सिकलसेलच्या तपासणीची शिबिरं घेतात. हा रक्ताचा आजार आहे, आईबापांकडून येणारा, आणि आमच्या छत्तीसगड-विदर्भात तो घरोघरी माहीत आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकतात. नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पुढची पक्की तपासणी. त्यात काही जण आजारी निघतात, आणि त्यांच्याहून किती तरी जास्त नुसते वाहक. वाहकाला स्वतःला काही होत नाही. तो नांगर धरतो, शाळेत शिकवतो, नाचतो. फक्त दोन वाहकांनी लग्न केलं तर मुलाला आजार होण्याची भीती असते, म्हणून लग्नाआधी माहीत असावं एवढंच.

पण लग्न म्हटलं की आपल्याकडे 'एवढंच' कधी नसतं. एक गृहस्थ पिशवीभर पेरू घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. "मॅडम, एकच नाव पाहून सांगा. आमच्या पोट्ट्यासाठी पोरगी पाहून राहिलो." मी विचारलं, तुमच्या मुलाची तपासणी केली का? ते खरोखर चकित झाले. "त्याची काहून?" पेरू परत दिले. चांगले होते, अजून आठवतात.

तर या दवाखान्याच्या जाड वह्या मी संगणकावर आणायच्या असं ठरलं. बाजारात तयार सॉफ्टवेअर मिळतं, पण त्यात आपली माहिती कुणाच्या मशीनवर जाऊन बसते हे कळत नाही. म्हणून मी ओपन सोर्सचा रस्ता धरला. बाहेरच्यांना हे थोडं समजावून सांगावं लागेल. सॉफ्टवेअर म्हणजे कृती, पाककृती असते तशी. बहुतेक कंपन्या ती कुलपात ठेवतात. ओपन सोर्सवाले ती इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक गोदामात टांगून ठेवतात. कुणीही वाचा, वापरा, चुका दाखवा, सुधारून परत द्या. कृती उघडी असते. तुमच्या घरी त्या कृतीचं जेवण कोण जेवलं, हे मात्र तुमच्या घरातच राहतं. मला हे इतकं आवडलं की वयाच्या साठीत मी नव्याने शिकायला बसले. या गोदामाची एक रीत अशी की प्रत्येक बदलाखाली तो कुणी केला आणि का, हे नावानिशी लिहायचं. आणि दुसरी रीत अशी की जुनं काही फेकायचं नाही. खोडलेली ओळसुद्धा इतिहासात जपलेली असते, म्हणजे उद्या चूक कुठे झाली ते शोधता येतं.

आता माझी चूक. सॉफ्टवेअर चालतं का हे बघायला नावं लागतात. मनाने रचलेली नावं फार शहाणी असतात. त्यांना वय असतं, गाव असतं, दोघांचं नाव सारखं नसतं. खरी माणसं अशी नसतात. एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तीन संतोष असतात आणि एका बाईला दोन नावं असतात. म्हणून मी रायपूरजवळच्या अभनपूरच्या शिबिरातली खरी बेचाळीस नावं घेतली, फोन नंबरांसकट, तपासणीच्या निकालासकट. ती चाचणीपुरती आहेत हे लक्षात राहावं म्हणून त्यांना टी-१ ते टी-४२ असे क्रमांक दिले. आणि एका दुपारी सगळं सॉफ्टवेअर मोठ्या अभिमानाने त्या सार्वजनिक गोदामात चढवलं. त्या फाइलसकट.

चार दिवसांनी एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. काम आवडलं, पण ही नावं खरी तर नाहीत ना? फाइल तिथल्या तिथे डिलीट केली, त्याला धन्यवाद लिहिले आणि कुणालाही बोलले नाही. खोडलेलं इतिहासात राहतं, हे मीच दोन परिच्छेदांमागे तुम्हाला सांगितलं. तेव्हाही मला माहीत होतं. इतिहास साफ करणं किचकट काम, आणि माझ्या मनाने ठरवलं की एवढं खोल जाऊन कोण बघतंय. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

मग निवडणूक आली. अभनपुरातल्या एका उमेदवाराचा, सगळ्यांच्या भैयाजींचा, प्रचार पंकज बघत होता. पंकज आमच्या रेल्वे कॉलनीतला, त्याची आई आणि मी एका विहारात जायचो. वय तिशीचं, इंजिनियर, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. दवाखान्यात येऊन त्याने सरळ विचारलं, सिकलसेलच्या कुटुंबांची यादी मिळेल का, भैयाजींना त्यांच्यासाठी मोफत कार्ड काढायचं आहे, शहरात न्यायला गाडी, औषधं, सगळं. डॉक्टरांनी त्याला चहा दिला आणि यादी दिली नाही.

जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. "मौसी, सॉफ्टवेयर तो ओपन है ना? हम अपना कैम्प करेंगे तो वही चला लेंगे."

माझ्या कामाचं कुणी नाव काढलं की मी विरघळते. त्याला गोदामाचा पत्ता दिला, बसवून तासभर शिकवलं. इतिहास कसा बघायचा, हेही मीच दाखवलं. पोरगं हुशार, लगेच समजलं.

आता ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे तिला मी वैशाली म्हणते. हे नाव तिनेच निवडलं आहे. अभनपुरातल्या एका खासगी शाळेत ती गणित शिकवते. तेव्हा सव्वीस वर्षांची होती. ती वाहक आहे. आमच्या शिबिरात तिने स्वतःहून बोट पुढे केलं होतं, शाळेतल्या मुलांची भीती जावी म्हणून. तिचं लग्न रायपुरात तेलीबांध्याला राहणाऱ्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. बोलणी झाली होती, साखरपुडा व्हायचा होता.

एका गुरुवारी अभनपूरच्या मैदानावर भैयाजींची सभा झाली. भाषणानंतर आरोग्य कार्डांचं वाटप. माइकवरून एकेक नाव पुकारायचं, त्याने मंचावर यायचं, भैयाजींच्या हातून कार्ड घ्यायचं, फोटो काढायचा. वैशाली सभेला गेलेलीच नव्हती. तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं. "सिकलसेल पीड़ित बहन" असं म्हणून. गर्दीत त्या मुलाचा मामा उभा होता. संध्याकाळपर्यंत मुलाकडून फोन आला की रविवारी आम्ही घरी येतो, बोलायचं आहे.

शुक्रवारी सकाळी वैशालीच्या वडिलांचा दवाखान्यात फोन आला. डॉक्टरांनी तो ऐकून घेतला आणि मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, आपल्या वह्या कुलपात आहेत, यादी आपल्याकडून जाणं शक्य नाही. मग त्यांनी मोबाईलवर आलेला कार्डाचा फोटो माझ्यापुढे धरला. भैयाजींचा हसरा चेहरा, खाली वैशालीचं नाव, आणि त्याखाली: क्रमांक टी-१७.

दवाखान्याच्या खऱ्या नोंदींत 'टी' कुठेच नाही. तो मी दिलेला होता.

मी पंकजला बोलावलं. तो आला तेव्हा मी ओरडायच्या तयारीत होते. तो मात्र भांबावलेला होता. त्याच्या धाकट्या भावाला हाच आजार होता आणि तो चौदाव्या वर्षी गेला, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी विसरले होते. "मौसी, छिपाने से ही तो लोग मरते हैं," तो म्हणाला. "हमारे घर में भी छिपाया था. मैंने सोचा, सबके सामने नाम आएगा तो डर निकल जाएगा."

त्याचं अर्धं खरं होतं, हीच तर अडचण. मी म्हटलं, "तुझ्या भावाचं तू सांग, हजारदा सांग. वैशालीचं तू कसं सांगतोस?" मग मी विचारलं, यादी अजून कुणाकडे आहे? "ग्रुप में डाली थी, मौसी." म्हणजे झालंच. उरलेला दिवस बसून मी गोदामाचा इतिहास ओळीओळीने साफ केला. लोकांच्या फोनमध्ये गेलेलं साफ करायला कुणाच्या बापाला येत नाही.

संध्याकाळी मी डॉक्टरांना माझी चूक सांगितली तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "कुंदाताई, लोक पंकजचं नाव घेतायत. तुमचं कुणाला कळायचं कारण नाही. शिबिरं बंद पडली तर पोरांच्या तपासण्या राहतील, तेवढा विचार करा." त्या वाईट सल्ला देत नव्हत्या. घाबरल्या होत्या. मीही घाबरले होते. पण ते पंचेवाले बाबा डोळ्यांपुढून जाईनात. त्यांना एकदा खोटं सांगून झालं होतं. मी म्हटलं, डॉक्टर, मी उद्या अभनपूरला जाते.

शनिवारी बसने गेले. वैशालीच्या घरात कुणी मेल्यासारखं वातावरण. आईने तरीही पाणी दिलं, चहा ठेवला. वडील अंगणात खाटेवर बसलेले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची पोट्टी बिमार नाही, हे बी कोणी माइकवरून सांगून द्या न." वैशाली शाळेतून आली तशीच समोर बसली, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मी सगळं सांगितलं. फाइल, पत्र, डिलीट, पंकजला दिलेली शिकवणी. काही गाळलं नाही. सॉफ्टवेअरचं तिला समजावून सांगावं लागलं नाही, ती गणिताची बाई.

मी म्हटलं, "तुझी लपवलेली गोष्ट माझ्यामुळे…"

"मले लपवायचं नव्हतं, मॅडम." तिचा आवाज चढला नाही. "मी सांगणारच होती. दोन महिने झाले, मनातल्या मनात वाक्य जमवून राहिली होती. कसं सुरू करू, आधी काय बोलू. उद्या आम्ही तेलीबांध्याच्या तलावावर भेटणार होतो. तिथं त्यायच्यासमोर बसून सांगणार होती. माझ्या तोंडानं. आता माझ्यापाशी सांगायले काही उरलंच नाही."

इतकी वर्षं मी गोपनीयता हा शब्द अर्जांवर, परिपत्रकांवर, पडद्यांवर टाइप करत आले. माझी समजूत अशी होती की ती झाकण्याची गोष्ट आहे. ती मुलगी मला शिकवत होती की ती सांगण्याची गोष्ट आहे. कुणी सांगायचं, कुणाला, कधी. मी तिथेच रडले. साठीतल्या बाईने दुसऱ्याच्या घरी जाऊन रडावं आणि त्यांनाच तिला पाणी द्यायला लावावं, हे बरं नव्हे, पण रडले.

तिने मला रडू दिलं आणि मग विचारलं, "बाकीच्यायले सांगितलं का?"

"नाही. तू पहिली."

"काहून?"

"तुझ्या बाबांचा फोन आला म्हणून."

"ज्यायचा फोन नाही आला त्यायले काही झालंच नाही, असं आहे का?" तिने गठ्ठा बाजूला ठेवला. "माझी माफी राहू द्या. आधी त्या एकेचाळीस घरी जा. जे मले सांगितलं तेच सांगा. मग बघू."

मी गेले. दीड महिना जात होते. दुसऱ्या खेपेला बसस्टँडवर पंकज उभा दिसला. नुसता बरोबर चालायला लागला. एका बाईने दार उघडलं नाही, आतूनच ऐकून घेतलं आणि आतूनच म्हणाली, जा. एका घरी सासरा संतापला, एका घरी तोच संताप सुनेच्या डोळ्यांत होता आणि तो सहन करणं जास्त कठीण गेलं. एका छत्तीसगढी घरातल्या बाईने सगळं ऐकून फक्त "हव", म्हणजे हो, म्हटलं आणि सुपातले तांदूळ पाखडत राहिली. एक आजोबा मात्र खो-खो हसले. "अवो बाई, माझी बिमारी गावच्या कुत्र्यायलेही माहीत आहे. तुम्ही काहून इतक्या दूर आल्या? जेवून जा." तिथे आम्ही दोघं जेवलो. शेवटच्या घरी मी बोलायला लागण्याआधीच पंकज पुढे झाला आणि अडखळत म्हणाला, "चूक माझी बी आहे." त्याच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदा ऐकली.

भैयाजी निवडून आले. त्यांना अजून वाटतं की आम्ही त्यांच्या चांगल्या कामाला दृष्ट लावली. पण कार्डांचं वाटप त्यांनी मंचावरून पुन्हा केलं नाही, आणि गाडी खरोखर सुरू केली. ती आजही आजारी मुलांना रायपूरला आणते. शिबिरांकडे दोन रविवार कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रविवारी वैशाली तिच्या वर्गातली अकरा मुलं, त्यांच्या आयांसह, घेऊन आली. टेबलाशी उभी राहून तिने मला विचारलं, "यायची नावं कोण-कोण पाहणार?" मी चार जणांची नावं सांगितली. खरी चार.

सॉफ्टवेअरमध्ये आता चाचणीसाठी भाज्या आहेत. श्री. दोडके उर्फ तुरई, वय माहीत नाही. कोचईबाई, म्हणजे आपली अळकुडी, पारा तोच, फोन शेजारच्यांचा. आणि कुणाचीही नोंद उघडण्याआधी पडद्यावर एक ओळ येते: 'या माणसाला विचारलं का?' ती वैशालीने लिहून दिली आहे. दूरदूरच्या दवाखान्यांनी हे सॉफ्टवेअर घेतलं, आपापल्या भाषेत बदललं, पण ती ओळ अजून कुणी काढलेली नाही. त्या बदलाखाली, रीतीप्रमाणे, काय घडलं आणि का, ते मी लिहिलं आहे. वैशालीने तेव्हा विचारलं होतं, "तिथं माझं नाव आहे का?" मी म्हटलं, नाही, चूक करणारीचं आहे. "मग ठीक आहे."

हा लेख छापायला देण्याआधी मी तो घेऊन अभनपूरला गेले. तिने लाल पेन घेऊन वाचला, मास्तरणीची सवय. दोन ठिकाणी माझं वाक्य सुधारलं. शेवटी एक परिच्छेद होता, रविवारी मुलाकडची माणसं आली तेव्हा काय झालं, लग्न झालं की मोडलं, मुलाने स्वतःची तपासणी केली की नाही. तो तिने दोनदा वाचला. हसली. मग पेनाचं टोपण लावून कागद मला परत दिला.

"हे काढा, काकू. लोकायले हेच पाहिजे असते. हे माझं आहे."

मी तो परिच्छेद काढला आहे. या वेळी इतिहासातूनही.